नवशिकीचे प्रश्न

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी नऊ शहरे वसवली आणि त्यांतली सहा उपाशी ठेवली. प्राध्यापक मंडळींच्या भुवया उंचावण्यापूर्वीच सांगून टाकते, की परीक्षा तेव्हा संपली होती, भाताची कापणीही आटोपत आली होती, आणि ही शहरे लॅपटॉपच्या पडद्यावरची होती.

त्याचे असे झाले. तळेगावच्या एका कारखान्यात कामाला असलेला माझा आतेभाऊ मोटारसायकलवरून पडला आणि पायाला प्लास्टर घालून विश्रांतीसाठी आमच्याकडे आला. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. येताना त्याने एक जुना लॅपटॉप आणला होता. दिवसभर तो भिंतीला टेकून, पाय उशीवर ठेवून, त्या लॅपटॉपमध्ये डोके घालून बसे. मी चहा नेऊन द्यायची आणि दोन मिनिटे मागे उभी राहून बघायची. दोन मिनिटांची पाच झाली, पाचांची पंधरा झाली, आणि एके दिवशी दादाच म्हणाला, "बस इथं. नुसती बघू नको, खेळ."

खेळाचे नाव 'सिव्हिलायझेशन'. सिड मायर या अमेरिकेतल्या खेळकर्त्याने तो प्रथम १९९१ साली काढला. दादाकडे होता तो त्याचा सहावा अवतार, २०१६ सालचा. बुद्धिबळासारखा तो पाळीपाळीने चालतो. आपण हवा तेवढा वेळ विचार करावा, कोणी घाई करत नाही. आपली खेळी संपली की मग इतरांची. प्लास्टरमधल्या माणसाला याहून सोयीचा खेळ नसावा. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी तो सुरू होतो. तेव्हा आपल्या हाती वस्ती करणाऱ्या माणसांची एक टोळी आणि एक योद्धा एवढेच असते. सगळी जमीन मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी घरांची. कुठे गवत, कुठे टेकडी, कुठे जंगल, कुठे नदी. त्यांतले एक घर निवडून तिथे शहर वसवायचे आणि पुढची सहा हजार वर्षे ते सांभाळायचे.

हे ऐकायला सोपे वाटते. मलाही वाटले होते. माझे पहिले शहर मी एका हिरव्यागार माळावर वसवले, कारण तो दिसायला छान होता. दहा-पंधरा खेळ्यांनंतर ते वाढायचे थांबले. मी दादाला पहिला प्रश्न विचारला, "शहर वसवायचं तरी कुठं?"

"पाणी बघ आधी," दादा म्हणाला. नदीच्या किंवा तळ्याच्या काठी वसलेल्या शहराला सुरुवातीलाच पाच माणसांच्या निवाऱ्याची सोय मिळते, समुद्रकाठी तिघांची आणि कोरड्या जागी फक्त दोघांची. निवारा कमी पडू लागला, की शहराची वाढ आधी निम्मी होते, मग आणखी मंदावते. माझे शहर कोरड्या माळावर होते. ते वाढणार कुठून?

दुसरे शहर मी नदीकाठी वसवले. तेही रखडले. दुसरा प्रश्न, "आता पाणी आहे, तरी का वाढत नाही?" दादाने दाखवले. शहरातला एक माणूस भोवतालच्या एका घरावर राबतो. प्रत्येक माणसाला दर खेळीला दोन मापे धान्य लागते. खाऊन उरलेले कोठारात साठत जाते आणि कोठार भरले, की शहरात एक माणूस वाढतो. मी मात्र झटपट इमारती व्हाव्यात म्हणून सगळ्यांना टेकडीवरच्या खाणीत जुंपले होते. इमारती होत होत्या आणि माणसे अर्धपोटी होती.

तिसरा प्रश्न दोन शहरांमधल्या अंतराचा. शहराभोवती तीन घरांपर्यंत, म्हणजे एकंदर ३६ घरांवर, त्या शहराची माणसे राबू शकतात. मी हौसेने दोन शहरे अगदी जवळजवळ वसवली आणि मग एकाला धान्य मिळाले, की दुसरे ओरडू लागले. एका घरावर एका वेळी एकाच शहराला राबता येते, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. "दोघी जावा एका ताटात जेवायला बसल्यासारखं केलंस तू," दादा म्हणाला.

मग शहरातल्या पेठांची पाळी आली. विद्यापीठ, बाजार, देवस्थान, यांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र पूर्ण घर लागते. विद्यापीठ डोंगराला लागून बांधले, तर दर डोंगरामागे विद्या वाढते. या हिशेबाने नागफणी, राजमाची, लोहगड, विसापूर यांच्या सान्निध्यात वसलेल्या आपल्या कॉलेजातून विद्येचे धबधबे कोसळायला हवेत. प्राचार्यांनी या गोष्टीची नोंद घ्यावी! पण पेठ ज्या घरावर बांधली, त्या घराचे आधीचे उत्पन्न संपते. मी एकदा डोंगराच्या लोभाने विद्यापीठ भाताच्या घरावर बांधले. विद्या वाढली, आणि शहराचे धान्य घटले.

इथपर्यंत सगळे प्रश्न मी विचारत होते आणि दादा उत्तरे देत होता. तिसऱ्या दिवशी आजी येऊन बसली. तिच्यापुढे सूप होते आणि सुपात तांदूळ. पाखडता पाखडता ती पडद्याकडे बघत होती. दादाने मला हिंदुस्थानची बाजू घ्यायला लावली होती. तिथे पुढारी म्हणून महात्मा गांधी येतात. त्यांना पाहून आजीने सूप बाजूला ठेवले आणि हात जोडले. या खेळात हिंदुस्थानचे खास बांधकाम आहे बारव. बारवेने धान्य वाढते आणि निवाराही वाढतो. हे सांगितल्यावर आजीचा त्या खेळावरचा विश्वास बसला.

"गाव कुठं बसवतीस?" तिने विचारले.

"नदीकाठी."

"काठाला कशाला? गाव वरच्या अंगाला, वरकसावर बसवावं. खालचं पाणी धरणारं रान भाताला ठेवावं. चांगल्या रानावर घर बांधतं का कुणी?"

दादा माझ्याकडे बघून हसला. "बघ. तुला मी तीन दिवस शिकवतोय. आजीला न शिकवता येतंय."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम अंगणात उभी राहून आमच्या खोऱ्याकडे पाहिले. जुनी मावळी गावे खरोखरच तशी आहेत. घरे मुरमाच्या उंचवट्यावर आणि त्यांच्या पायाशी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भातखाचरे. कोणी नगररचनाकार इथे आला नव्हता. घर आणि भात यांनी एकमेकांची जागा घ्यायची नाही, एवढे इथल्या माणसांना कळत होते.

खेळात वाटेवर मधूनच झोपड्यांची एखादी वस्ती लागते. आपला शिपाई त्या घरात शिरला, की वस्ती नाहीशी होते आणि बदल्यात आपल्याला सोने मिळते, किंवा एखादी विद्या, कधी एखादी माणसांची तुकडी. नवशिक्याला हे फार आवडते. मीही अशा चार वस्त्या गोळा केल्या होत्या. पाचव्या वेळी आजीने विचारले, "त्या झोपड्या व्हत्या, त्या कुठं गेल्या?"

"गेल्या. आपल्याला सोनं मिळालं."

"आन् माणसं?"

मी दादाकडे बघितले. दादा म्हणाला, "आजी, त्या तशाच असतात खेळात. बक्षीस असतं ते." आजी पुन्हा पाखडायला लागली.

माझे सातवे शहर एका मोठ्या नदीच्या पुराच्या मैदानात होते. जमीन सुपीक होती, पण काही खेळ्यांनी पूर येई आणि शेते उद्ध्वस्त होत. दादाकडे या खेळाची २०१९ साली निघालेली पुरवणी होती. तिच्यात नदीवर धरण बांधता येते. मी बांधले. धरण एका घरात मावते. ते झाले, की पुराचे नुकसान थांबते, आणखी तीन माणसांच्या निवाऱ्याची सोय होते, लोकांचे समाधान वाढते आणि पुढे त्याच धरणावर वीजही करता येते. मी टाळी वाजवली. शहर पहिल्यांदाच नीट वाढू लागले होते.

आजी वाकून बघत होती. "धरण झालं?"

"झालं."

"मग पाणी कुठं साठलं?"

मी शोधू लागले. धरणाच्या वरच्या अंगाला नदी होती तशीच होती. तिच्या काठची शेते होती तशीच होती. त्यांवर माझी माणसे राबत होती. पाणी कुठेच साठलेले नव्हते.

"या खेळात पाणी साठत नाही, आजी," दादा म्हणाला. "धरणाला बुडीत नसतं."

"मग लई सोपं हाय," आजी म्हणाली आणि भाकऱ्या करायला उठून गेली.

माझ्या काही वाचकांना यात विशेष काय, असे वाटेल, म्हणून सांगते. माझी आजी पवना खोऱ्यात नवी नवरी म्हणून आली, तेव्हा धरणाचे काम चालू होते. जुन्या घरात तिने पावसाळे काढले ते दोनच. १९७२ साली पवना धरण पूर्ण झाले आणि आमचे जुने गाव पाण्याखाली गेले. दर उन्हाळ्यात पाणी उतरले, की त्या जलाशयातून वाघेश्वराचे जुने देऊळ वर येते आणि पुण्या-मुंबईचे लोक ते बघायला येतात. आमचे गाव त्याच पाण्यात, पण जास्त खोलात आहे. ते वर येत नाही. आजोबांच्या वाट्याची काही वरकस जमीन वरच्या अंगाला कोरडी राहिली होती. त्या उतारावर आजी-आजोबांनी पाठीवरून दगड वाहून बांध घातले, माती धरली आणि कित्येक वर्षांनी तीन खाचरे तयार केली. आजोबा गेले. खाचरे आहेत. मी, माझ्या घराण्यातली कॉलेजात आलेली पहिली मुलगी, त्याच भातावर वाढले आहे.

मी रोज दुधिवरे खिंड ओलांडून कॉलेजला येते. लोणावळ्याच्या ज्या पाण्याकडे बघत आपण चिक्की खातो, त्याचीही अशीच गोष्ट आहे. वळवणच्या बागेत फोटो न काढलेला विद्यार्थी आपल्यात सापडणे कठीण. वळवण, शिरवटा आणि लोणावळा तलावांचे पाणी मूळचे पूर्वेकडे वाहणारे. ते अडवून घाटाखाली खोपोलीला सोडले आणि १९१५ सालापासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. शेजारच्या मुळशीत धरणाचे काम सुरू झाले, तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. धरण झालेच. इतिहासाच्या तासाला मुळशी सत्याग्रहावर टीप लिहिताना मी साल बरोबर लिहिले होते, मागणी बरोबर लिहिली होती. त्या सत्याग्रहाच्या मुळाशी माझ्या आजीचाच प्रश्न होता, हे मात्र मला लॅपटॉपसमोर कळले.

खेळात दुरून पाणी आणायला जलसेतू बांधता येतो. पुण्यातही सुमारे १७५० साली नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तळ्यातून थेट शनिवारवाड्यापर्यंत पाण्याचा नळ आणला होता. शहर मोठे झाले, की त्याला लांबचे पाणी लागते. त्यात नवल नाही. आमच्या पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडला जाते. ते बंद जलवाहिनीतून न्यायच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मरण पावले. मी तेव्हा बालवाडीत होते. मला एवढेच आठवते, की त्या संध्याकाळी घरी कोणी मोठ्याने बोलत नव्हते. पिंपरी-चिंचवडच्या लोकांनी तहानलेले राहावे, असे मी म्हणत नाही. दादाचे दोन मित्र तिथेच राहतात आणि उन्हाळ्यात पाण्याच्या वेळा सांभाळत कामावर जातात. एका घरावर दोन शहरांचा हक्क लागत नाही, हा नियम मी खेळात दुपारी पाठ केला होता. तो नियम कोणावर कसा येऊन पडतो, हे खेळ सांगत नाही, एवढेच.

दिवाळी संपली, दादाचे प्लास्टर निघाले आणि लॅपटॉप त्याच्याबरोबर गेला. खेळ संपला असे मला वाटले. पण मार्गशीर्षात आमच्या घरी एक एजंट आला. पांढरे बूट, हातात दोन मोबाईल. आमच्या तीन खाचरांतून जलाशय छान दिसतो, तिथे बंगले होऊ शकतात, असे त्याचे म्हणणे. खोऱ्यात असे पुष्कळ झाले आहे. जिथे भात होता तिथे आता तंबू आहेत, बंगले आहेत, आणि ज्यांनी जमीन विकली, त्यांतले काही जण त्याच बंगल्यांवर राखणीला आहेत. त्यांना नावे ठेवायचा मला अधिकार नाही. पोरांचे शिक्षण, लग्ने, आजारपण यांना पैसा लागतो आणि भातातून तो किती सुटतो हे मला ठाऊक आहे.

एजंटाने सांगितलेला आकडा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन दिवस कोणाला सांगितला नाही. तिसऱ्या रात्री जेवण झाल्यावर ते मला म्हणाले, "तुला पुढं एम. ए. करायचंय. पुण्यात राहायचा खर्च हाय. घराची कौलं बदलायचीत. तू शिकलेली हायस. तू सांग, काय करायचं?"

अण्णा सातवीपर्यंत शिकलेले. मला त्यांनी असे कधी विचारले नव्हते. शाळेत, कॉलेजात मला जे प्रश्न विचारले गेले, त्यांची उत्तरे कुठेतरी छापलेली होती. हा प्रश्न तसा नव्हता. आणि लाज वाटायची गोष्ट ही, की याच प्रश्नाचे उत्तर मी दिवाळीत एका बोटाने देऊन मोकळी झाले होते. भाताच्या घरावर विद्यापीठ बांधले होते. विद्या वाढली होती आणि धान्य घटले होते. फरक इतकाच, की तिथे चूक झाली असती, तर मागची खेळी पुन्हा उघडून बघता आली असती.

मी अण्णांना म्हणाले, "मला एकदम नाही सांगता येणार. एक खेळी थांबू या."

"खेळी म्हंजे?"

"एक पावसाळा."

ते काही बोलले नाहीत. त्या रविवारी मी वहीच्या मधल्या जोडपानावर षटकोनी घरे आखली. मधले एक, आणि भोवती तीन घरांपर्यंत ३६. मधल्या घरात आमच्या जुन्या गावाचे नाव लिहिले आणि आजीला घेऊन बसले. प्रत्येक घरात काय होते ते ती सांगत गेली. इथे भैरोबाचे देऊळ, इथे वडाचा पार, हे सासऱ्यांचे मोठे खाचर, याला आंबेमोहोर लावायचे, हे गुरचरण, इथे नदीला उतार होता तिथून पलीकडे जायचे. काही घरांशी ती अडखळली. दोन घरे तिला आठवलीच नाहीत. "तितं मी गेलेच नाय. दोनच वर्सं व्हते ना," ती म्हणाली. ती दोन मी रिकामी ठेवली. मग जी घरे आज पाण्यात आहेत, ती निळ्या पेन्सिलीने भरली. ३६ पैकी २९ भरली. मधलेही भरले. कोरड्या राहिलेल्या सातांपैकी एकात आमची तीन खाचरे.

अण्णा मागे येऊन उभे होते, ते मला कळले नव्हते. त्यांचा जन्म नव्या गावठाणातला. जुने गाव त्यांनीही पाहिलेले नाही. त्यांनी वही हातात घेतली, दिव्याजवळ नेली आणि आजीला एकेक घर बोट ठेवून विचारले. दोनतीनदा त्याच घराबद्दल विचारले. मग वही मला परत देत म्हणाले, "या पावसाळ्यात भात लावू. पुढचं पुढं."

एजंटाचा फोन अजून येतो. अण्णा त्याला 'नाही' म्हणत नाहीत, 'बघू' म्हणतात. एम. ए. चा खर्च आहे तसाच आहे, कौलेही तशीच आहेत, आणि पुढच्या दिवाळीत आम्ही काय ठरवू, हे आज मला सांगता येणार नाही. कदाचित विकावेही लागेल. पण विकले, तर कुठले घर विकले आणि त्यात काय होते, हे मला ठाऊक असेल.

दादाचा परवा फोन आला होता. विचारत होता, "तुझं ते धरणाचं शहर मी जपून ठेवलंय. पुढं खेळायचं ना?" मी म्हटले, खेळायचे. आजीने बियाण्याची कणगी सारवून ठेवली आहे. आणि तिला अजून विचारायचे आहे, की त्या झोपड्यांतली माणसे कुठे जातात.

— द्वितीय वर्ष, कला